पिशवी काढताना हाडाचं कुणी बोललं नाही

मागच्या वर्षी भाद्रपदात आई अंगणात पडली. पडली म्हणजे घसरलीसुद्धा नाही. शेळीला पाला टाकायला उठली, पाय वळला आणि बसल्यासारखी खाली आली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय 57.

घरातलं दुखणं फेसबुकवर मांडायची मला सवय नाही. पण दसरा जवळ आलाय, पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या टोळ्या थोड्या दिवसांत निघतील. त्याआधी हे लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

आधी माझी चूक सांगतो. मी आईला लगेच मोठ्या दवाखान्यात नेलं नाही. गावच्या रिवाजाप्रमाणे हाडवैदाकडे नेलं. त्याने ओढून, लेप लावून बांधलं. पाच दिवस ती खाटेवर कण्हत पडली. नंतर नगरला नेल्यावर हाडाचे डॉक्टर एवढंच म्हणाले, "खुबा मोडला तर शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला पाहिजे. पडून राहिलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात." खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं, हेही त्यांनीच सांगितलं. मी शिकलेला माणूस, तरी मला यातलं काही माहीत नव्हतं.

मग त्यांनी आईला विचारलं, "पाळी कधी बंद झाली?"

आई म्हणाली, "पिशवीच काढलीय ना. थोरला दहावीत व्हता तवा."

म्हणजे तेव्हा ती 34 वर्षांची. पोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे मुकादमाच्या उचलीतून दिले. टाके वाळले, महिन्याभरात ती परत फडात. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आता त्याने काही साधणार नाही. पण अंडाशय ठेवलेत की काढलेत, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. जुने कागद शोधले तेव्हा कळलं, तेही काढलेत.

याचा हाडाशी काय संबंध? डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. हाड म्हणजे एकदा बांधलेली भिंत नाही. शरीर ते रोज थोडं काढतं आणि रोज थोडं नवं भरतं. तिशीपर्यंत भर जास्त पडते, तीच आयुष्यभराची शिल्लक. बाईच्या शरीरात ही झीज आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन करतं आणि ते अंडाशयातून येतं. पाळी नैसर्गिक बंद होते तेव्हा ते कमी होतं आणि हाड झपाट्याने विरळ व्हायला लागतं. अंडाशय काढले तर तेच एकदम होतं, आणि तेही चौतिसाव्या वर्षी. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तरी त्यांचं काम लवकर मंदावू शकतं. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत तो दुखतही नाही.

खुणा मात्र होत्या. चुलीवरच्या फळीवरचा डबा आईच्या हाताला येईना, आम्ही म्हणायचो वय झालं. खरं तर मणक्यांची हाडं दबून तिची उंची कमी झाली होती. 2016 ला साध्या पडण्यात मनगट मोडलं, तेही बांधून घेतलं आणि विसरलो. पन्नाशीच्या आत-बाहेर बाईचं मनगट किरकोळ पडण्याने मोडलं तर हाडांची तपासणी करायची असते.

आता तिने उचललेल्या ओझ्याचा हिशेब करा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. मोळी 30 ते 40 किलोची. म्हणजे रोज पन्नासच्या पुढे मोळ्या. बाईने त्या डोक्यावर घ्यायच्या आणि फळीवरून चढून ट्रकात टाकायच्या. आईने असे 22 हंगाम काढले. त्यात तीन बाळंतपणं, तीन लेकरांचं अंगावरचं दूध. खाण्यात भाकरी, ठेचा आणि कोरा चहा. घरी गाय होती, पण दूध डेअरीला जायचं. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात असतं. खाण्यातून मिळालं नाही तर शरीर ते हाडातून काढून घेतं.

आपल्याच जिल्ह्याची ही गंमत बघा. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, देशभर नाव झालं. लोणी, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव उसावर वर आले. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाथर्डीची बाई त्या उसाची मोळी उचलायला जाते. दुधात पुढे असलेल्या जिल्ह्यात तिच्या चहात दूध नाही.

2019 मध्ये बीडचा विषय गाजला, तो आठवत असेल. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात जवळपास 14 हजार जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक पिशवीच्या ऑपरेशनांवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. बातम्यांत सगळा जोर ऑपरेशन का झालं यावर होता, आणि तो बरोबरच होता. पण ज्यांची झालीत त्या बायकांच्या हाडांचं पुढे काय, हे विचारायचं राहून गेलं. त्या बायका आता चाळीस-पन्नाशीत आहेत. आई त्यांच्या दहा वर्षं पुढे आहे एवढंच.

आणि आता मूळ कारण. माझी धाकटी भावजय 32 वर्षांची आहे. तिलाही पोटदुखी, तिलाही पांढरं जातं. तिला परवा एकाने सांगितलं, हंगामाच्या आधी पिशवी काढून मोकळी हो, खाडा पडायला नको. खाडा पडला की पैसे कापतात, म्हणून तीही तयार झाली. आईने खाटेवरून सांगितलं, "मला इचारलं व्हतं का कुणी? तू इचार."

म्हणून सगळ्यांना सांगणं. गाठी असतील, कॅन्सर असेल तर पिशवी काढावी लागते, त्याला विरोध नाही. पण पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गाने असतं आणि औषधाने बरं होतं. सोनोग्राफी आणि पॅप तपासणी झाल्याशिवाय "कॅन्सर होईल" यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या डॉक्टरांना, जमलं तर सरकारी दवाखान्यात, दाखवा. ऑपरेशन करायचंच ठरलं तर अंडाशय ठेवणार का, ते आधी विचारा आणि कागद जपून ठेवा. ज्यांचं आधीच झालंय त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदा करून घ्या. तीळ, नाचणी, दूध घरच्या बाईच्या ताटातही पडू द्या.

मागणीही आहे. कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी घ्यायचं ठरलेलं आहे. त्यातून हंगामाला जाताना आणि आल्यावर बायकांची तपासणी व्हावी, आणि पिशवी काढलेल्या बाईची डेक्सा फुकट व्हावी. आमदार, जिल्हा परिषदेत वजन असलेले, कारखान्याचे संचालक, तुमच्यापैकी बरेच जण हे वाचता. गाळपाच्या आधी एकदा हा विषय काढा.

आई आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येते. दर सोमवारी उपाशीपोटी हाडाची गोळी घेते आणि पुढचा अर्धा तास ताठ बसून राहते, आडवं व्हायचं नाही, चहा नाही. चहासाठी कुरकुर करते. मी समोर बसून राहतो.

परवा भावजयीला घेऊन नगरला जातोय. काय निघतं ते इथेच लिहीन. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तिला हे वाचून दाखवा.