नव्या गिलाव्याचे डाग

आमच्या तलवाड्यास मळ्यांत पोहण्याचा हौद बांधला, असें सांगितलें तर बीड जिल्हा ज्यांस ठाऊक आहे ते वाचक हंसतील. जेथें उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हा थाट कशाला, असें आम्हींही पुतण्यास विचारलें होतें. त्याचें उत्तर मात्र आम्हांस पटलें. आमच्या लहानपणीं पाठीस सुका भोपळा बांधून वडील माणसें पोरांना विहिरींत ढकलीत, आणि पोरें पोहावयास शिकत. आतां विहिरींचें पाणी खोल गेलें. पोरें शेततळ्यांवर जातात, आणि तेथील प्लास्टिकच्या निसरड्या उतारावरून बुडत्यास वर चढतां येत नाहीं. घरांतल्या नातवंडांस कमरेइतक्या पाण्यांत पोहणें शिकवावें, आणि जुनें पाणी त्यांतील औषध उडून गेल्यावर मोसंबीस द्यावें, या हेतूनें वीस फूट लांब, दहा फूट रुंद व साडेतीन फूट खोल असा हौद सिद्ध झाला. त्यांत सुमारें २० हजार लिटर पाणी मावतें.

गिलावा पांढऱ्या सिमेंटचा व संगमरवराच्या चुऱ्याचा. गवंडी गांवचाच, एके काळीं आमच्या वर्गांत बसलेला. पाणी भरल्यावर तिसऱ्या दिवशीं पाहतों तों भिंतींवर ढगांसारखे करडे डाग, आणि तळापासून हातभर उंचीवर चारी बाजूंनीं एक सरळ रेघ! आमच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, नव्या नवरीच्या तोंडावर वांग यावा तसा हा हौद दिसतो हो.” आम्हांस राग आला. गवंड्याचे शेवटचे सहा हजार रुपये आम्हीं अडवून ठेवले. जिल्ह्याच्या गांवीं एका दुकानदारास विचारलें तेव्हां तो म्हणाला, “हौद रिकामा करा आणि ॲसिडनें धुवा.” त्याप्रमाणें पंप लावण्याची तयारीही झाली.

इतक्यांत आमचा एक जुना विद्यार्थी त्वरितादेवीच्या दर्शनास गांवीं आला. तो पुण्यास बांधकामाच्या धंद्यांत आहे. त्यानें हौद पाहिला आणि काठावर बसून आम्हांसच धडा दिला. सिमेंट वाळून घट्ट होतें हा आपला समज चुकीचा. तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि हा संयोग पुष्कळ दिवस चालतो. जेथें थापी उशिरां आणि जोरानें फिरली, तेथें गिलावा दाट होऊन काळपट दिसतो. जेथें पाणी अधिक पडलें, तेथें फिकट. एका भिंतीवर ऊन आणि दुसरीवर निंबाची सावली असली तरी फरक पडतो. थंडींत लौकर घट्ट व्हावें म्हणून कॅल्शियम क्लोराइड घातलें, तर डाग अधिकच उठतात. यांतील कित्येक डाग कांहीं महिन्यांत आपोआप फिके होतात.

“आणि ही रेघ?” आम्हीं विचारलें. तो म्हणाला, “नव्या गिलाव्यांतून चुना सुटत असतो. भरणें मध्येंच थांबलें कीं पाण्याच्या काठाशीं तो सांचतो. गुरुजी, पाणी मध्यें थांबविलें कोणी?”

आम्ही निरुत्तर झालों. त्या दिवशीं शेतीच्या विजेची पाळी दुपारीं संपली होती. हौद एका दमांत भरला पाहिजे, शेजारच्या मळ्यांतलें डिझेल इंजिन आणूं, असें गवंडी काकुळतीनें सांगत होता. एका रात्रीकरितां डिझेल कशाला जाळावें, असें म्हणून आम्हींच त्यास गप्प केलें. पुढें त्याचे पैसे अडविले, तेव्हांही त्यानें या गोष्टीचा उच्चार केला नाहीं. गुरुजींना उलट उत्तर कसें द्यावें, हाच त्याचा संकोच.

ॲसिडचें काय, हेंही विद्यार्थ्यानें सांगितलें. तें वरचा गुळगुळीत थर खातें. मग उघड्या पडलेल्या खरबरीत पृष्ठावर शेवाळ धरतें. शिवाय तें आम्लाचें पाणी आम्ही सोडणार कोठें? मोसंबीस चालणार नाहीं, विहिरीजवळ मुरलें तर अनर्थ. शेजारच्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तें आमच्या भागांत कोण विसरेल? डागांपायीं २० हजार लिटर पाणी नासणें हें पापच झालें असतें.

पंप परत गेला. त्याच संध्याकाळीं आम्ही गवंड्याच्या घरीं गेलों, पैसे दिले आणि चूक आपली असल्याचें त्याच्या मुलांदेखत सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो न बोलावतां आला, आणि पाण्यांत उतरून बारीक पॉलिश कागदानें रेघ घांसूं लागला. पुढें महिनाभर नातवंडें दोन वेळां मऊ ब्रशानें भिंती झाडीत. नव्या गिलाव्यानें पाण्याचा क्षार वाढतो, म्हणून पुतण्या रोज पाणी तपासून तें ७·२ ते ७·६ या अंशांत ठेवी. फाल्गुनापर्यंत ढग विरळ झाले. रेघ पुसट झाली, पण गेली नाहीं.

संस्कृतांत चुन्यास ‘सुधा’ म्हणतात, आणि अमृतासही ‘सुधा’च. चुन्यानें लिंपलेलें घर तें ‘सौध’. ही व्युत्पत्ति आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस सांगितली. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यांत द्रोणभर पाण्याचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावयास सांगितला आहे, हेंही वाचलेलें होतें. लेप पक्व होण्यास काळ लागतो, हें पोथींत कळलेलें आम्हांस हौदाच्या काठीं मात्र आठवलें नाहीं.

आमच्या गांवची देवी त्वरिता. तिनें भक्तांच्या हांकेस त्वरेनें धांवावें. परंतु गिलाव्यास आणि माणसास दोष देतांना आपण त्वरा करूं नये. ती पुसट रेघ नातवंडें पुसावयास निघालीं होतीं. आम्हीं तीं थांबविलीं. ती तेथेंच असलेली बरी.