दाराच्या आतली बाजू

पुण्यात धायरीला एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी कार्यशाळा आहे. लोक घरातलं जुनं लाकूड घेऊन येतात आणि त्याचं दुसरं काहीतरी करून नेतात. झोपाळ्याच्या फळीचं टेबल, पलंगाचं बाकडं, वाड्याच्या कडीपाटातल्या फळ्यांचं पुस्तकांचं कपाट. याला हल्ली अपसायकलिंग म्हणतात. आमचे मिस्त्री राजस्थानातले. ते म्हणतात, "पुराने का नया."

लाकूड समजायला फार वेळ लागत नाही. नखानं दाबायचं, ठोकून आवाज ऐकायचा. जुना साग असेल तर गाभा बहुतेक वेळा शाबूत असतो. कीड लागते ती कडेच्या फिकट भागाला. मग लोहचुंबक फिरवायचा, कारण आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं घालवतो. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड पुन्हा फारसं फुगत नाही की आकसत नाही. तासाभरात एवढं कळतं. समोरच्या माणसाला काय हवंय, हे कळायला महिना जातो. कधी काम संपल्यावर कळतं.

सुरुवातीच्या दिवसांत एका बाईंचं काम आलं. त्या बंगळुरूला राहायच्या. आई गेल्यावर दादरची खोली रिकामी केली, तेव्हा स्वयंपाकघरातलं एकच कपाट त्यांनी ठेवून घेतलं होतं. कपाट टेम्पोनं माझ्याकडे आलं, बोलणं सगळं व्हिडिओवर झालं. त्याचं बुटकं पुस्तकांचं कपाट करायचं होतं. मी रेखाटनं पाठवली, त्यांनी तिसरं पसंत केलं आणि लिहिलं, "बाहेरून जुनं दिसू दे. आतून मात्र स्वच्छ करा, तेलकट झालंय."

आम्ही आतून स्वच्छ केलं. आधी सोड्याच्या पाण्यानं पुसलं, मग पॉलिश पेपर मारला, मग लाखेचं पॉलिश. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. उभ्या रेघा, आकडे, मध्येच एखादा फोन नंबर. मिस्त्रींनी विचारलं, "मॅडम, ये भी?" मी मोबाइलमध्ये बघत होते. म्हटलं, "हां, सब."

कपाट पोचवायला मी स्वतः गेले होते. बाईंनी ते बाहेरून पाहिलंच नाही. आधी दार उघडलं आणि आतल्या फळीवरून हात फिरवला.

"इथे आईचा दुधाचा हिशेब होता," त्या म्हणाल्या.

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं ना स्वच्छ करा म्हणून. तुमची काही चूक नाही." त्यांनी ठरलेले पैसे दिले, चहा दिला. परतीच्या प्रवासात मला ते "हां, सब" पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. माझ्याजवळ त्या दाराचा साधा फोटोसुद्धा नव्हता.

त्यानंतर मी नियम केला. करवत लावण्याआधी मालकानं कार्यशाळेत यायचं. मी त्यांच्या हातात दोन खडू देते. जे राहायला हवं त्यावर पांढरी खूण, जे गेलं तरी चालेल त्यावर लाल. लांबचं माणूस असेल तर इंच-इंच फोटो काढून पाठवते आणि खुणा मागवते. तोंडानं माणसं "जुनं दिसू दे", "साधंच हवं" असं म्हणतात. खडू हातात आला की थांबतात, वास घेतात, कुठल्या तरी खाचेत बोट घालून उभी राहतात. मला वाटू लागलं होतं, आता हे काम मला जमलं.

मग एक काका आले. बहात्तर वर्षांचे. नारायण पेठेतला त्यांचा वाडा पुनर्विकासाला गेला होता आणि नव्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी त्यांना जुन्या दाराच्या दोन फळ्यांचं जेवणाचं टेबल करून हवं होतं. साग उत्तम होता. दार उभं केलं तेव्हा छातीच्या उंचीवर आडवी रेषा दिसली. रेषेवरचं लाकूड काळपट, तुळतुळीत; खालचं करडं, शिरा उघड्या पडलेलं.

"पानशेत?" मी विचारलं.

"पानशेत."

12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकानं घरातल्या कुणा ना कुणाकडून ते ऐकलेलं असतं. माझ्या डोक्यात टेबल तयारच झालं. रेषा बरोबर मधोमध येईल, वरून फक्त मेण देऊ. मी तसं सांगितलंही, जरा उत्साहानंच.

काकांनी लाल खडू उचलला आणि रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेला.

"वडिलांनी या दाराला कधी रंग लावू दिला नाही," ते म्हणाले. "आल्यागेल्याला रेषेवर बोट ठेवून दाखवायचे. आम्ही काही मागितलं की उत्तर ठरलेलं, पुरात गेलं. सायकल मागितली, पुरात गेलं. कॉलेजची फी, पुरात गेलं. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं हो. आम्ही मात्र त्या रेषेखालीच राहिलो. आता नातवंडं जेवायला बसतील. त्यांच्या ताटाखाली ती नको."

मी म्हटलं, "काका, एकदा रंधा मारला की परत येणार नाही. आठ दिवस विचार करा."

"साठ वर्षं केलाय."

मी तरी आठ दिवस थांबले. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी. ते बोलले तसं झालं नाही, नवव्या दिवशी फोन आला, "सुरू केलंत का?"

डाग खोल होता. मिस्त्रींनी तीनदा रंधा मारला तेव्हा खालून एकसारखा सोनेरी साग निघाला. मग दाराची आडवी पट्टी सांध्यातून सोडवली, तर खाचेतून बारीक कोरडा गाळ जमिनीवर पडला. मूठभर असेल. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मोबाइल खाली ठेवला होता. मी काकांना फोन लावला.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "झाडू नका. मी येतो."

रिक्षा करून आले. उकिडवे बसले, गाळ चिमटीत घेऊन चोळून पाहिला. मिस्त्रींकडून केरसुणी मागून घेतली, स्वतः झाडून तो सुपलीत भरला आणि शेडच्या बाहेर घेऊन गेले. कुठे टाकला, ते मी पाहिलं नाही.