कर्सर कुठे थांबावा

बंगळुरूत ‘नम्मा यात्री’वरून रिक्षा बोलावणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल, की त्या अ‍ॅपचा बॅकएंड हॅस्केलमध्ये लिहिलेला आहे. कोड ओपन सोर्स आहे. कुणीही उघडून वाचावा. मीही हॅस्केलच लिहितो, आणि या भाषेत डावीकडची मोकळी जागासुद्धा वाचावी लागते.

‘डू’, ‘लेट’, ‘व्हेअर’, ‘ऑफ’ या राखीव शब्दांनंतरचा पहिला शब्द ज्या कॉलममध्ये येतो, तिथे ओळींच्या नव्या गटाची पंगत बसते. पुढची ओळ त्याच कॉलमात आली तर ते नवे विधान, उजवीकडे सरकली तर आधीच्याच विधानाचा उरलेला भाग, डावीकडे आली तर पंगत उठली. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी 1966 मध्ये मांडली. 1990 मध्ये आलेल्या हॅस्केलने ती स्वीकारली.

एंटर दाबल्यावर कर्सर कुठे ठेवायचा, हे सी भाषेत महिरपी कंस सांगतो. हॅस्केलमध्ये अनेकदा तीन-चार जागा सारख्याच वैध असतात. शिवाय पुढचा शब्द व्याकरणात बसत नसेल, तर गट तिथेच संपला असे मानण्याचीही या भाषेत मुभा आहे. म्हणजे एडिटरला पूर्ण व्याकरण कळायला हवे, तेही वाक्य अर्धेच टाइप झालेले असताना.

समजा, यादीतल्या प्रत्येक चालकाला निरोप पाठवायचा आहे आणि खालच्या ओळीत ‘नोंद करा’ लिहायचे आहे. ती ओळ आतल्या कॉलमात ठेवली तर प्रत्येक चालकामागे एक नोंद होते. बाहेरच्या कॉलमात ठेवली तर सगळ्यांची मिळून एकच. टाइप दोन्हीकडे जुळतात, कंपायलर गप्प राहतो. ऑर्मोलूसारखा फॉरमॅटर कोड नीटनेटका करतो, पण अर्थ बदलू देत नाही. त्यामुळे चुकीच्या गटात पडलेली ओळ त्याच गटात सुबकपणे मांडली जाते.

म्हणून ईमॅक्स या एडिटरच्या हॅस्केल-मोडची रीत मला मनापासून पटते. टॅब दाबत गेले की कर्सर एकेका शक्य जागेवर जातो. एडिटर पर्याय दाखवतो, निवड लिहिणाऱ्याकडेच ठेवतो.

नव्या सहकाऱ्यांना मी सांगतो: ऑटो-इंडेंट चालू ठेवा, पण त्याने दिलेली जागा सूचना म्हणूनच घ्या. आणि एखादी ओळ कोणत्या गटातली हे वाचताना क्षणभर जरी अडखळलात, तर आतला गट उचलून त्याला नाव द्या, वेगळे फंक्शन करा. मग ओळीचा अर्थ चार स्पेसवर लटकून राहत नाही.