म्युझियमसाठी सुट्टीचा दिवस घालवावा का?

सहलीचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांतून राणीची बाग, नाहीतर गेट वे. गेट वेपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या म्युझियमचे नाव काढले की विचारतात, तिकीट काढून दगडमाती बघायची का? प्रश्न रास्त आहे. चार माणसांचे लोकलभाडे, तिकिटे, मुलांचे खाणे, यात दिवसाची मजुरी सहज जाते.

हे म्युझियम म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स, १९९८ पासूनचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली कोनशिला बसली, पहिल्या महायुद्धात इमारतीत लष्करी इस्पितळ होते आणि १९२२ साली ते लोकांसाठी उघडले. आत टाटा घराण्याने दिलेली युरोपियन चित्रे, चिनी मातीची भांडी, ढालीतलवारी आहेत. तेवढ्यासाठी मी कोणाला जा म्हणणार नाही.

पण सिंधमधल्या मीरपूर खास येथील स्तूपावरच्या बुद्धमूर्ती इथे आहेत. १९०९-१० च्या उत्खननात त्या मिळाल्या. सुमारे पाचव्या शतकातल्या. त्या संगमरवराच्या नाहीत, सोन्याच्या नाहीत, भाजलेल्या मातीच्या! हातात कमळ धरलेला एक उपासकही त्यांच्यात आहे. दगड मिळत नसेल त्या मुलखात मातीतून तथागत घडवणारे हात कष्टकऱ्यांचेच होते.

दुसरी वस्तू सोपाऱ्याची. होय, विरार लोकलवाल्या आपल्या नालासोपाऱ्याचीच! १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. लिपी ब्राह्मी, आपल्याला वाचता येत नाही, पण मजकूर ठाऊक आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी हिंडत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या : वृद्धांना भेटणे, दान देणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे. ज्या गावात आज आपली हजारो माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात, त्या गावच्या दगडावर हे कोरलेले होते.

एवढ्यासाठी मात्र दिवस द्यावा. सगळे दालन एका फेरीत बघण्याचा हट्ट नको, मुले रडकुंडीला येतात. दारातच मीरपूर खास आणि सोपारा कुठे आहे ते विचारून घ्यावे, आधी तिकडे जावे, मग मुलांना पेंढा भरलेले प्राणी दाखवावेत. सीएसएमटीवरून चालत वीसेक मिनिटे लागतात.