दगडाचा अस्सल कागद

१/
फेब्रुवारी १९७४. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ या रिगने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. त्याच्या काही महिने आधीच जगात तेलाचे भाव जवळपास चौपट झाले होते. त्यामुळे या तेलाचे मोल देशाला निराळे सांगावे लागले नाही. पण समुद्रतळाखाली तेलाचे तळे नव्हते. तेल होते चुनखडकात, म्हणजे दगडाच्या पोटात. दगडात तेल मावते कसे?

२/
या प्रश्नाच्या उत्तराची वाट इंग्लंडमधील शेफील्ड शहरातून जाते. तेथील हेन्री क्लिफ्टन सॉर्बी हा विशीतला तरुण विल्यम विल्यमसन यांच्याकडून अश्मीभूत लाकूड, दात आणि हाडे यांचे पातळ छेद करण्याची कला शिकला. १८४९ मध्ये त्याने तीच कला खडकावर आजमावली. काचेवर चिकटवलेला दगड तो प्रकाश आरपार जाईपर्यंत घासत राहिला. १८५१ मध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील खडकाविषयीचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

३/
लोक हसले. डोंगर कधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात काय, असा त्यांचा सवाल होता. सॉर्बी वाद घालत बसला नाही; छेद करत राहिला. १८७९ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचा अध्यक्ष म्हणून भाषण करताना त्याने चुनखडकांची जडणघडण उलगडून दाखवली. कॅल्साइटचे शिंपले आपली मूळ रचना टिकवून धरतात. ॲरॅगोनाइटचे मात्र विरघळतात किंवा पालटून जातात, हे त्याने ओळखले होते.

४/
मार्च १९०८ मध्ये सॉर्बी वारला. त्याच वर्षी मे महिन्यात इराणमधील मशीद-ए-सुलेमान येथे तेल लागले, तेही चुनखडकातच. ज्या विद्येला लोक हसले होते, तिची गरज आता तेलवाल्यांना भासणार होती.

५/
आजही पद्धत मुळात तीच आहे. विहिरीतून काढलेल्या खडकाच्या तुकड्यात निळी राळ मुरवतात आणि त्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद करतात. पोकळ्या निळ्या दिसतात. ॲलिझरीन रेड एस हे रंगद्रव्य लावले की कॅल्साइट लाल होते, डोलोमाइट बिनरंगाचे राहते. मग सुरू होते वाचन.

६/
हे वाचन इतिहाससंशोधकाला परके वाटू नये. कणावर स्फटिकांचा थर चढला असेल, तर कण आधीचा आणि थर नंतरचा. एखादी भेग दोघांनाही छेदून गेली असेल, तर ती त्याहून अलीकडची. अशी एकेक घटना क्रमाने लावत दगडाची शकावली सिद्ध होते. तारखा नसतात, पण पौर्वापर्य असते.

७/
१९६२ मध्ये रॉबर्ट डनहॅम यांनी चुनखडकांच्या वर्गीकरणासाठी एक साधा प्रश्न पुढे ठेवला. कण एकमेकांना टेकून भार पेलत आहेत, की चिखलात रुतून विखुरलेले आहेत? पहिल्या प्रकारात चिखल नसेल, तर कणांमध्ये जन्मतःच मोकळी जागा राहते. म्हणजे खडक साचताना पाणी खळाळते होते की संथ, हेही त्यातून कळते.

८/
परंतु जन्मावरून भवितव्य ठरत नाही. मोकळी जागा पुढे स्फटिकांनी बुजते, आणि घट्ट खडकात विरघळण्यामुळे नवी जागा तयार होते. मुंबई हायचा मुख्य तेलसाठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे. तिथल्या पोकळ्यांचा मोठा वाटा गोड्या पाण्याने खडक विरघळवल्यामुळे आला आहे. समुद्र मागे हटला, चुना उघडा पडला, पावसाचे पाणी त्यात मुरले. आज समुद्राखाली असलेल्या त्या साठ्यात एका जुन्या ओहोटीची नोंद आहे.

९/
ही नोंद चुकीची वाचली तर खर्च पाण्यात जातो. दोन खडकांची सच्छिद्रता आकड्यांत सारखी भरू शकते. एकात पोकळ्या जोडलेल्या असतात आणि तेल वाहते. दुसऱ्यात विरघळलेल्या शिंपल्यांचे साचे सुटे सुटे राहतात आणि तेल अडकून पडते. दोहोंतला फरक छेदात डोळ्यांना दिसतो.

१०/
अर्थात एका कागदावरून इतिहास लिहू नये, हा दंडक इथेही लागू आहे. छेद टपाल तिकिटाएवढा, तेलक्षेत्र कित्येक किलोमीटरचे. म्हणून अनेक विहिरींचे छेद, खडकांचे गाभे आणि विहिरींतील मोजमापे ताडून पाहावी लागतात. साधने एकमेकांशी जुळली, तरच निष्कर्षाला बळ येते.

११/११
२१ मे १९७६ रोजी मुंबई हायमधून तेलाचे उत्पादन सुरू झाले. त्या तेलाने देशाच्या गरजेचा मोठा भार उचलला. ते तेल ज्या पोकळ्यांत थांबले होते, त्या आधी शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांच्या जागा होत्या. जे विरघळून नाहीसे झाले, त्याचीच रिकामी जागा उपयोगी पडली. जे उरले ते इतिहासकार वाचतोच. सॉर्बीच्या काचेवर जे उरले नाही, तेही वाचता येते.