लाल पाटीची गाडी आणि हिरवी रेषा

सायप्रसमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. 1878 पासून 1960 पर्यंत तिथे इंग्रजांचा अंमल होता. ते गेले, पण डावी बाजू आणि तीन पिनांचे प्लग मागे ठेवून गेले आणि दोन लष्करी तळ तर अजूनही सोडलेले नाहीत. युरोपात भाड्याची गाडी घ्यायची म्हटलं की उजव्या बाजूच्या धास्तीने बेत रद्द करणाऱ्या माझ्यासारखीला तेवढी डावी बाजू पुरली. ताईचं कारण वेगळं होतं. तिचा जन्म इतिहास शिकवण्यात गेला. "नुसतं समुद्रात डुंबायचं असेल तर तू आपली गोव्याला जा," तिने निघायच्या आधीच बजावलं होतं, "मला बेट बघायचंय."

लार्नाकाच्या विमानतळावर एक छोटी पांढरी गाडी ताब्यात मिळाली. तिच्या नंबराची पाटी लालभडक. इथे भाड्याच्या गाड्यांना अशीच पाटी लावतात, त्यामुळे आपण परके आहोत हे सगळ्या रस्त्याला आधीच कळतं. लोक जरा लांबून गाडी हाकतात आणि चौकात आपण गोंधळलो तर हॉर्न न वाजवता थांबतात. पुण्यातल्या गाड्यांनाही अशी पाटी मिळावी, असं मला वाटून गेलं.

एप्रिल होता. हमरस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळ्या फुलांचे ताटवे, मध्येच लाल पॉपी. टोल कुठेच नाही, वेगाची मर्यादा ताशी 100 किलोमीटर. सिसिली आणि सार्डिनियानंतर भूमध्य समुद्रातलं हे तिसऱ्या क्रमांकाचं बेट, पण क्षेत्रफळ 9,251 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. सकाळी समुद्रकिनारी न्याहारी करून निघालं, तर दुपारच्या जेवणाला माणूस देवदारांच्या सावलीत पोचलेला असतो.

लार्नाकातून बाहेर पडण्याआधी ताईने गाडी एका हमरस्त्याला वळवायला लावली. पाटीवर आधी ग्रीक लिपी, खाली रोमन. या रस्त्याला जनरल थिमय्यांचं नाव आहे. कुर्गचे थिमय्या 1957 ते 1961 भारताचे लष्करप्रमुख होते. निवृत्तीनंतर 1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना सायप्रसमधल्या शांतिसेनेचं प्रमुखपद दिलं. बेटावरचे ग्रीक आणि तुर्की तेव्हा एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. डिसेंबर 1965 मध्ये थिमय्या तिथेच, कामावर असतानाच वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढलं. त्यांच्या आधीचे प्रमुख लेफ्टनंट जनरल ग्यानी हेही भारतीयच, आणि 1974 च्या युद्धाच्या वेळी ही जबाबदारी पेलणारे प्रेमचंदही भारतीय. फर्निचरची दुकानं, फार्मसी, पेट्रोल पंप असलेल्या त्या साध्या रस्त्यावरून आम्ही हळू गेलो.

पश्चिमेला निघालं की हमरस्त्याच्या अगदी कडेला खिरोकितिया लागतं. इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकातल्या माणसांची ही वस्ती. गोल घरांचे दगडी पाये टेकडीच्या उतारावर एकाला एक चिकटून आहेत. ती माणसं आपल्या मृतांना घरातल्याच जमिनीखाली पुरत आणि वर संसार चालू ठेवत. तिथून जवळच डोंगरात लेफ्कारा. दारात खुर्च्या टाकून पांढऱ्या लिननवर भरतकाम करणाऱ्या बायका. ताईने एका आजींच्या टाक्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की त्यांनी सुई तिच्याच हातात दिली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती. शिकवणी मात्र अर्धा तास रंगली.

लिमासोल मागे टाकल्यावर कूरिओन. समुद्रावर झुकलेल्या कड्यावर एक रोमन नाट्यगृह आहे, आणि हा कडा आजही ब्रिटिश तळाच्या हद्दीत येतो. हद्द ओलांडताना ना चौकी लागते, ना कोणी अडवतं. इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या भूकंपाने हे नगर कोसळलं. 1980 च्या दशकात उत्खननात एका घरात तरुण नवरा, बायको आणि तान्हं मूल यांचे सांगाडे सापडले, एकमेकांना कवटाळलेले. पुढे जुन्या किनारी रस्त्याने गेलं की पेत्रा तू रोमिऊ हा खडक येतो. प्रेमदेवता अफ्रोदिती इथल्या फेसातून वर आली म्हणतात. खडक देखणा आहे, पण गर्दीही देवीच्या इभ्रतीला साजेशी आहे. आम्ही दहा मिनिटांत निघालो.

पाफोसला मात्र अख्खा दिवस कमी पडला. 1962 साली तिथे शेतजमीन सपाट करताना नांगराला रंगीत दगडांचे तुकडे लागले आणि रोमन काळातल्या एका श्रीमंताच्या घराची फरशी वर आली. त्या मोझेइकमध्ये द्राक्षमद्याचा देव दायोनिसस आहे आणि शेजारी झिंगून पडलेले दोघे. त्यांच्या डोक्यावर ग्रीक अक्षरांत ओळख करून दिलीय की जगात सर्वांत आधी वाइन प्यायलेले ते हेच. "पहिल्याच दिवशी अतिरेक," ताई म्हणाली. वाइनचा हा अभिमान बेटाने अजून जपलाय. उन्हात सुकवलेल्या द्राक्षांपासून बनणारी गोड कोमांदारिया संध्याकाळी चाखली, अर्थात गाडीची किल्ली बाजूला ठेवून.

पाफोसमागे त्रोदोसचा डोंगर सुरू होतो. आंबोलीचा घाट चढलेल्या हाताला इथली वळणं नवी नाहीत. फक्त इथे वळणावर ट्रक येत नाही, शेळ्या येतात. रस्ता अरुंद, कडेला द्राक्षांचे मळे, मग पाइनचं जंगल. मध्येच एखादं रिकामं गाव लागतं. दारं-खिडक्या गेलेली घरं, आत वाढलेली अंजिराची झाडं, मशिदीचा बुटका मिनार. इथले तुर्की सायप्रियट 1974 च्या युद्धात बेट दुभंगल्यावर उत्तरेला गेले. त्याच काळात उत्तरेतले ग्रीक सायप्रियट घरदार टाकून दक्षिणेला आले. दोघांचीही गावं नकाशावर अजून आहेत.

वर किक्कोसचा मठ. अकराव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन सम्राटाच्या आश्रयाने स्थापन झालेला, आता सोन्याने झळाळणारा. इथेच लहानपणी शिकाऊ म्हणून आलेला मुलगा पुढे आर्चबिशप मकारिओस झाला आणि 1960 मध्ये स्वतंत्र सायप्रसचा पहिला राष्ट्राध्यक्षही. धर्मगुरू आणि राष्ट्रप्रमुख एकच. 15 जुलै 1974 ला ग्रीसच्या लष्करशहांच्या पाठिंब्याने त्यांच्याविरुद्ध बंड झालं. ते राजधानीतून निसटले आणि त्यांनी पाफोस गाठलं. पाचच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं. मठाच्या वरच्या टेकडीवर मकारिओस यांची कबर आहे. पहाऱ्यावर सैनिक उभे असतात आणि खाली डोंगरांच्या रांगा पसरलेल्या दिसतात.

किक्कोसचा झगमगाट पाहून आम्ही उत्तर उतारावरच्या आसिनूला उतरलो, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं देणं इथे मिळालं. रानात एक बुटकं, उतरत्या कौलांचं चर्च. बर्फाचा भार पेलावा म्हणून इथे देवळांवर असं छप्पर घालतात. दारातून लवून आत गेलं की भिंतीचा एक तसूही कोरा नाही. सर्वांत जुनी चित्रं 1105-06 ची. संत, राजे, देवदूत आणि नरकात शिक्षा भोगणारे पापी. नऊशे वर्षांचे निळे आणि तांबडे रंग अजून ताजे. अशी दहा चित्रित देवळं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ती एकेका आडगावात असल्यामुळे बसने ती बघणं जवळजवळ अशक्य आहे. गाडी घ्यावी ती यासाठी.

डोंगर उतरून निकोसियाकडे येताना समोरच्या उत्तरेच्या पर्वतावर एक प्रचंड झेंडा रंगवलेला दिसतो. तुर्की सायप्रियटांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या राज्याचा. तुर्कस्तानशिवाय कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही. सायप्रसच्या स्वतःच्या झेंड्यावर मात्र अखंड बेटाचा नकाशा आहे. गाडीचा विमा सहसा उत्तरेत चालत नाही. म्हणून व्हेनिसवाल्यांनी बांधलेल्या गोल तटाच्या खंदकात गाडी लावली आणि लेड्रा स्ट्रीटवर चालत निघालो.

कपड्यांची दुकानं, आइस्क्रीम, मग एकदम एक चौकी. डिसेंबर 1963 मध्ये एका ब्रिटिश जनरलने नकाशावर ग्रीक आणि तुर्की वस्त्यांच्या मध्ये हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तीच ही हिरवी रेषा. 1974 नंतर ती बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 180 किलोमीटर लांबली. तिच्या दोन बाजूंमध्ये निर्मनुष्य पट्टा आहे. कुठे तो काही किलोमीटर रुंद, इथे जुन्या शहरात काही पावलांचा. निकोसियाचा जुना विमानतळही त्यातच अडकलाय. 1974 मध्ये प्रेमचंद यांच्या शांतिसेनेने तो ताब्यात घेतला; तेव्हापासून तिथून प्रवासी वाहतूक झालेली नाही. लेड्रा स्ट्रीटचा रस्ता एप्रिल 2008 मध्ये खुला झाला. आम्ही एका खिडकीत पासपोर्ट दाखवला, वाळूची पोती आणि गवत उगवलेले सज्जे बघत चाललो, दुसऱ्या खिडकीत पासपोर्ट दाखवला.

पलीकडे युरोऐवजी लिरा, चर्चच्या घंटेऐवजी अजान. 1572 मधल्या ब्युक हान या सराईच्या अंगणात कॉफी मागवली. दक्षिणेत होतं तेच लांब दांड्याचं पितळी भांडं, तोच तळाशी गाळ, सोबत पाण्याचा तोच ग्लास. ताटात भाजलेलं हलुमी चीज आलं, ज्यावर दोन्ही बाजू हक्क सांगतात. वेटर म्हणाला, त्याचे आजोबा लिमासोलचे. आम्ही त्याच लिमासोलहून आलो होतो, फक्त डोंगराला वळसा घालून. ताईने त्याला तिथला बंदराकडचा रस्ता कसा आहे ते सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं.

जाणार असाल तर थोडं ध्यानात ठेवा. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. उतरायचं ते लार्नाका किंवा पाफोसला. उत्तरेतल्या विमानतळावरून आत येणं सायप्रसचं सरकार बेकायदा मानतं. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा, तिथल्या उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. गाडी लहानच घ्या, कारण डोंगरातल्या गावांच्या गल्ल्या मोठीला दाद देत नाहीत. रविवारी पेट्रोल पंपावर माणूस नसतो, यंत्रात पैसे भरावे लागतात. आणि किनाऱ्यावरचा एक दिवस कमी करून तो निकोसियाला द्या. लेड्रा स्ट्रीट चालत ओलांडल्याशिवाय सायप्रस अर्धंच पाहिलं म्हणायचं.