भयाची तटबंदी

मनुष्य भ्याला म्हणजे दाराला अडसर घालतो. सारें राष्ट्र भ्यालें म्हणजे काय करतें, याचें उत्तर आम्हांस आल्बेनियाच्या लष्करी इतिहासांत सांपडतें. या चिमुकल्या साम्यवादी देशाचें १९४८ सालीं युगोस्लाव्हियाशीं, १९६१ सालीं सोव्हिएट रशियाशीं आणि १९७८ सालीं चीनशीं बिनसलें. एकेक स्नेही तुटला, तसतसें सर्वाधिकारी एन्वर होजा यांस सारें जगच शत्रु दिसूं लागलें.

समतेच्या नांवाखालीं १९६६ सालीं सैन्यांतील हुद्दे रद्द झाले. ते १९९१ पर्यंत परतले नाहींत. शेतांत, डोंगरांवर, समुद्रकांठीं काँक्रीटचे घुमटाकार बंकर भूछत्रांसारखे उगवले. तीस लाखांच्या आंतल्या लोकवस्तीच्या देशांत त्यांची संख्या दीड लाखांवर गेली! ज्या सिमेंटानें गरिबांचीं घरें उभीं राहिलीं असतीं, तें एका-दोघां शिपायांच्या आडोशांत जिरलें. परचक्र मात्र आलें नाहीं. घाव बसला तो घरांतच: १९५३ पासून संरक्षणमंत्री असलेल्या बेकिर बालुकू यांस १९७४ सालीं पदच्युत करून पुढील वर्षीं देहान्त शिक्षा देण्यांत आली.

होजा १९८५ सालीं निवर्तले. त्यांच्यासाठीं तिरानाजवळ खोदलेल्या भुयारांत २०१४ पासून संग्रहालय आहे. देशाला सैन्य हवें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु संशयावर उभारलेल्या सैन्याला तटबंदी कितीहि केली तरी पुरत नाहीं. कारण शत्रु बाहेर सांपडला नाहीं, तर त्याला तो आंत शोधावा लागतो.